केळुसकर सरांची कसोटी

विद्यार्थी कॉपी का करतात, या प्रश्नाचं उत्तर केळुसकर सर पुढच्या वर्षी देणार होते. मी सिल्वासात होते तेवढी सगळी वर्षं ते पुढच्याच वर्षी देणार होते. प्रबंध जवळजवळ पुरा झालेला असायचा. फक्त एक प्रकरण राहिलेलं असायचं, आणि ते लिहायला बसावं तर नेमका कुणीतरी पठ्ठ्या कॉपीचं असं काही नवीन कारण सांगून जायचा की आधीची दोन प्रकरणं परत लिहावी लागायची. "बाई, ही पोरं काही मला डॉक्टर होऊ देत नाहीत," असं ते म्हणायचे. म्हणताना चेहरा इतका खुललेला असायचा की त्यांना डॉक्टर व्हायचंच नव्हतं, अशी माझी आजही खात्री आहे.

आमचं कॉलेज म्हणजे तरी काय हो! सकाळी ज्या इमारतीत शाळा भरायची, तिथेच संध्याकाळी सहाला आम्ही. बाकं सातवीच्या मुलांच्या मापाची, आणि त्यांत मसाटच्या कारखान्यांतले मिशा फुटलेले बाप्ये गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. कर माफ म्हणून तेव्हा सिल्वासात कारखान्यांचं पीक आलं होतं. धुळ्या-नंदुरबारकडची पोरं येत होती, खोलीत सात-आठजण राहत होती, आणि त्यातल्या काहींना पदवीची हौस होती. आम्ही शिकवणारे बहुतेक मुंबई-कोकणातले, कुणाच्या ना कुणाच्या सरकारी बदलीबरोबर वाहत आलेले. माझा नवरा बांधकाम खात्यात, म्हणून मी दापोलीहून तिथे. मी मराठी शिकवायचे, सर अर्थशास्त्र. त्यांचं व्याख्यान मराठीत सुरू व्हायचं, मधेच गुजरातीत शिरायचं आणि "समझा क्या?" करून हिंदीत संपायचं.

सर वेंगुर्ल्याचे. उंच, काटकुळे, अंगात पांढरा बुशशर्ट. वाक्याच्या ऐन मध्यावर ते थांबायचे, बुशशर्टाच्या टोकाने चष्मा पुसायचे, तो नाकावर चढवून वर्गाकडे बघायचे आणि "बरं का मंडळी" म्हणून उरलेलं वाक्य पुरं करायचे. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा विसरला. विसरत काही नसत. नलिनीवहिनी सांगायच्या, "अहो, आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असतानासुद्धा यांनी अंतरपाटाआड चष्मा पुसला होता. मला वाटलं, नीट बघून आता नाही म्हणतायत की काय!"

परीक्षेच्या वेळी बाकीचे पर्यवेक्षक चिठ्ठ्या शोधत फिरायचे. सरांना चिठ्ठ्यांचा मनस्वी कंटाळा. "चिठ्ठी हा कुटीरोद्योग आहे," ते म्हणायचे. "माल कसा बनला हे कारागिराने बघावं. मला गिऱ्हाईक का आलं ते कळलं पाहिजे." कॉलेजच्या आतल्या परीक्षेत कुणी सापडला की ते तेवढ्या उत्तराला शून्य द्यायचे आणि पेपर सुटल्यावर त्या गुन्हेगाराला फाटकासमोरच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, घेऊन जायचे. एक चहा, एक प्लेट खमण, आणि एकच प्रश्न: "का?"

उपदेश नाही, आईबापांच्या कष्टांची आठवण नाही. नुसतं "का?" म्हणायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. आणि पोरं सांगायची! एकजण म्हणाला, "सर, पुढची मुलगी इतकं भरभर लिहीत होती, न बघणं बरं दिसेना." दुसरा म्हणाला, "मला सगळं येत होतं, पण मित्राने एवढ्या प्रेमाने पेपर सरकवला, नाही कसं म्हणू?" खानवेलची एक मुलगी होती, वारली समाजातली, वर्गात कधी मान वर न करणारी. ती पकडली गेली तेव्हा मीच हादरले. सरांनी विचारलं, "का गं?" तर म्हणाली, "सर, विचार करीत बसले असते तर बस गेली असती." शेवटची बस गेली की खानवेलला जायचं कसं? त्या दिवसापासून परीक्षा असली की सर दुपारीच स्टँडवर जाऊन त्या कंडक्टरला चहा पाजून यायचे. पेपर सुटेपर्यंत बस हलायची नाही. कंडक्टर प्रवाशांना सांगायचा, "थांबा, सायबांची बी.ए. बाकी आहे."

या सगळ्या उत्तरांमधून सरांनी कॉपीची चार मुळं काढली होती: नड, भीड, संगत आणि खाज. नडलेला करतो, भिडेपोटी करतो, सगळे करतात म्हणून करतो, नाहीतर पकडतो का बघू म्हणून करतो. पाचवं कारण जगात नाही, असं ते छातीठोकपणे सांगायचे. पण खमणाची बातमी फुटली आणि एका चाचणीला बघते तो काय, अर्धा वर्ग माना वळवून बसलेला, आणि एकाच्याही पेपरात एक अक्षर उतरवलेलं नाही. सर स्टाफरूममध्ये आले ते डोकं धरूनच. "बाई, ही खाज नव्हे. यांना भुका लागल्यायत!"

एकदा त्यांनी शास्त्रीय पाहणी करायचं ठरवलं. तोंडावर विचारलं तर माणूस खोटं बोलतो, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी कुठूनशी एक युक्ती वाचून काढली होती. प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर काही विचार न करता "हो, मी कॉपी केली आहे" असं लिहायचं, काटा आला तर खरं काय ते लिहायचं. म्हणजे कुणाचा "हो" खरा आणि कुणाचा नाण्याचा, हे कुणालाच कळणार नाही, आणि हिशेबाने एकूण वर्गाचा अंदाज मात्र येईल. युक्ती झकास होती. सर आठवडाभर खुशीत होते. कागद वाटले, सूचना दिल्या, आणि पाठ करून उभे राहिले. मागून कुजबुज ऐकू आली म्हणून वळून बघतात तर एका बाकावरचा एकजण नाणं उडवतोय आणि बाकीचे त्याच्या हातात डोकावतायत. काय आला? छापा! लिहा रे, हो!

"अरे, प्रत्येकाने आपापलं नाणं उडवायचं ना!" सर ओरडले.

"एकानं उडवलं ना सर," मागच्या बाकावरून मोठा आवाज आला. "सगळ्यांना कशाला तरास?"

तो आवाज भटू पाटलाचा. नाणेफेकीतसुद्धा कॉपी करणारा वर्ग जगात दुसरा नसेल, असं सर त्यानंतर वर्षभर सांगत फिरले. भटूच्या बोलण्यात काय होतं, ते तेव्हा त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही.

सरांची खरी मिजास होती ती त्यांच्या कसोटीवर. "बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं, बाई. चूक मात्र ज्याची त्याची असते. दोघांची चूक सारखी आली की समजावं, एकाची मान वळली." हे वाक्य त्यांनी मला ऐकवलं नाही असा आठवडा गेला नसेल. प्रबंधातलं सगळ्यात देखणं प्रकरण हेच, "समान चुकांची कसोटी". त्यावर त्यांनी एक लेख लिहून शिक्षकांच्या त्रैमासिकाला पाठवला, तो छापून आला, आणि पुढे विद्यापीठाने परीक्षकांना ज्या सूचना पाठवल्या त्यांत ती कसोटी अलगद जाऊन बसली. सरांनी ते सूचनापत्रक स्टाफरूमच्या फळ्यावर टाचून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते चष्मा पुसत दाखवायचे. वहिनी म्हणायच्या, "बारशाची पत्रिका असल्यासारखं मिरवतायत."

आणि त्याच कसोटीत भटूची खोली सापडली.

भटू धुळ्याकडचा, मसाटला धाग्याच्या कारखान्यात मशीनवर. बारा-बारा तासांची पाळी, आणि त्या हॉलमध्ये मशीनचा असा गदारोळ की शेजारच्याला हाक मारायची तर खांदा हलवावा लागतो. त्यात भटूचा डावा कान गेलेला. उजवाही जाईल, मशीन सोड, असं दवाखान्यात सांगितलेलं. मशीन सोडून खाणार काय? पण मॅनेजर बोलला होता, बी.ए. झालास तर स्टोअरच्या ऑफिसात घेतो. म्हणून हा गडी तिशी गाठत आलेली असताना सातवीच्या बाकावर गुडघे मोडून बसत होता. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि भटूसकट त्याच्या खोलीतल्या सातही जणांचा राखून ठेवला गेला. आरोप, सामुदायिक कॉपी. सिद्ध झाली तर परीक्षेला बसायला काही वर्षं बंदी, आणि आमचं परीक्षा केंद्र बंद. पर्यवेक्षक मी होते! डोळ्यांत तेल घालून फिरले होते हो मी त्या हॉलमध्ये. पण माझं कोण ऐकतो?

चूक होती अर्थशास्त्राच्या पेपरात. एक साधा नियम आहे. एखादी वस्तू एकामागून एक मिळत गेली की दर खेपेला तिची गोडी कमी होत जाते. पुस्तकात उदाहरण संत्र्याचं. पहिलं संत्रं सगळ्यात गोड, दुसरं त्याहून कमी, तिसरं आणखी कमी. या सातजणांनी लिहिलं होतं: "पहिल्या भाकरीची उपयोगिता कळत नाही. उपयोगिता दुसऱ्या भाकरीला सर्वांत जास्त असते व तिसरीपासून घटते." सातही पेपरांत हेच, थोड्याफार फरकाने.

सरांनी ते वाचलं आणि खरं सांगते, त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. "बाई, असला अस्सल नमुना उभ्या जन्मात मिळाला नव्हता! चुकीचा नियम, चुकीचं फळ, सात वेळा!"

"सर, त्या पोरांचं वाटोळं होतंय," मी म्हटलं.

"ते होतंय खरं," ते म्हणाले, आणि परत वाचायला लागले. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिवाजाप्रमाणे भटूला लारीवर नेलं. चहा सांगितला, खमण सांगितलं, "का?" विचारलं. भटूने प्लेट पुढे सरकवली, पण आपल्याकडे नाही, सरांकडे.

"सर, जो कॉपी करतो त्यालाच तुमी खमन देता ना? मग मी कसा खाऊ? मी तर केली नई."

इतक्या वर्षांत खमण नाकारलेला हा पहिला. सर परत आले. दोन तास घेतले, एकदाही "बरं का मंडळी" नाही. मग मला म्हणाले, "बाई, तो म्हणाला, रूमवर या, बघा आमी कसा अभ्यास करतो ते. डोकमर्डीला राहतात. तुमच्याच बाजूला ना?"

रविवारी दुपारी सर, वहिनी आणि मी भटूच्या खोलीवर गेलो. पत्त्याची गरजच नव्हती. चाळीच्या तोंडाशीच अर्थशास्त्र ऐकू येत होतं. आत एकजण परातीत बाजरीचं पीठ मळत होता, एकजण ठेचा वाटत होता, दोघे नुकतेच पाळीवरून आलेले, भिंतीला टेकलेले. आणि मधोमध जगन नावाचा किडकिडीत पोरगा उभा राहून बेंबीच्या देठापासून व्याख्यान देत होता. भटूला ऐकू यायला हवं ना! प्रत्येक वाक्य बाकीचे त्याच्यामागून म्हणत होते. शेजारच्या गुजराती काकी दारात तांदूळ निवडत होत्या, त्यासुद्धा ओठ हलवत होत्या.

मग जगन वाक्याच्या मध्यावर थांबला. सदऱ्याच्या टोकाने त्याने नसलेला चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि म्हणाला, "बरं का मंडळी." सहाजण एका सुरात म्हणाले, "बरं का मंडळी!"

वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सरांचे कान लाल झाले.

उलगडा झाला तो असा. पाळ्यांमुळे सगळ्यांना रोज वर्गाला येणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी वर्गाचीही पाळी लावली होती. ज्याचा दिवस असेल त्याने जायचं, कान टवकारून ऐकायचं, आणि खोलीवर येऊन सगळ्यांना सांगायचं, शब्दाला शब्द. एकाने नाणं उडवलं की झालं, सगळ्यांना कशाला त्रास? घरी धुणं, पाणी, भाकरी जशी वाटून घेतलेली, तसंच शिक्षण.

"ते ठीक," सर म्हणाले. "पण मी वर्गात संत्रं सांगितलं होतं. भाकरी कोणी आणली?"

"संत्री कोन खातो सर हितं?" भटू म्हणाला. "जगननं संत्रं सांगितलं, आमी म्हनलं भाकरीवर सांग. त्यानं सांगितलं, पहिली भाकर सगळ्यात गोड. इथं भांडन झालं."

"भांडण?"

"मंग काय! ड्यूटीवरून आलं का पहिली भाकर कुठं जाते, समजतच नई सर. पोटात पडते तेवढी. दुसरी घेतली का मंग कळतं, अरे, मिरची जास्त झाली. जगन म्हने, सरांनी पहिली सांगितली. मंग आमी आठवडाभर बघितलं. जो कामावरून येईल त्याला विचारायचं. एकानं पन पहिली नई सांगितली. मंग जगनपन मानला."

सर चष्मा पुसायला लागले. पुसतच राहिले. मला वाटलं, आता हे नियम समजावणार, आणि समजावलाच त्यांनी! त्या परातीशेजारी बसून पाव तास. "अरे, नियमाची एक अट आहे, वस्तूचं माप गरजेच्या मानाने पुरेसं पाहिजे. बारा तासांच्या भुकेला एक भाकरी हे मापच नव्हे. म्हणून तुमचं उत्तर चूक. शंभर टक्के चूक. मी असतो तर शून्य दिलं असतं." सातही माना हलल्या. तेवढ्यात भाकऱ्या झाल्या. सरांनी तिथेच मांडी घालून दोन खाल्ल्या आणि पहिलीच चांगली लागली, असंही सांगितलं. "तुमी बसून आलात ना सर," जगन म्हणाला.

घरी जाताना सर मला एवढंच म्हणाले, "बाई, नड नाही, भीड नाही, संगत नाही, खाज नाही. पाचवं कारण निघालं."

विद्यापीठाची समिती आली त्या दिवशी प्राचार्यांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, "केळुसकर, एक खोली गेली तरी चालेल, केंद्र वाचवा." समितीचे अध्यक्ष सफारी घातलेले, भारदस्त गृहस्थ. सरांना बघून उठून उभे राहिले. "तुमचीच कसोटी लावली आम्ही. काय नेमकी लागू पडली!"

सर म्हणाले, "एक विनंती आहे. एकेकाला आत बोलवा. भाकरीबद्दल काही विचारू नका. झोपेबद्दल विचारा. झोपेचा पहिला तास जास्त गोड की दुसरा? कॉपी करणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारला की तो शेजारी बघतो. बघू या, हे कुठे बघतात."

जगन आला. "पहिला तास सगळ्यात भारी साहेब, मंग कमी कमी." हे अगदी पुस्तकाबरहुकूम. त्याच्यानंतरचा सगळ्यात लहान, घाबरून थेट अहिराणीवर आलेला, म्हणाला, "पहिला तास ते समजसच नही साहेब, कानमा मशीन चालूच ऱ्हास." तिसरा म्हणाला, "मिळतच नई तर घटेल कशी?" समितीतले एक जण फसकन हसले. कुणाचं उत्तर कुणाशी जुळेना. शेवटी भटू आला. प्रश्न त्याला दोनदा सांगावा लागला.

"माझं वेगळं आहे साहेब," तो त्याच्या त्या ठणठणीत आवाजात म्हणाला. "माझा एक कान गेलेला आहे. चांगला कान उशीत दाबला का सगळं गुपचूप. मला पहिल्या मिन्टापासून गोड."

अध्यक्षांनी पेन टेबलावर ठेवलं. "पण केळुसकर, कसोटी तुमची. तुम्हीच लिहिलंय, सारखी चूक म्हणजे कॉपी."

सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "कसोटी चुकली, साहेब. चूक माझी एकट्याची. कुणाची बघून केलेली नाही. या पोरांचं उत्तर चूक आहे, त्याला शून्य द्या, माझी हरकत नाही. पण ती चूक त्यांनी स्वतः केलीय, भांडून, तपासून, जेवून. माझी पोरं चोर नाहीत."

"माझी पोरं" असं म्हणाले. प्राचार्य छताकडे बघत होते.

समिती विरघळली, पण नियम थोडेच विरघळतात! आरोप मागे घेतला, केंद्रही राहिलं. मात्र सातही जणांनी तो एक पेपर पुन्हा द्यायचा, वापीला, वेगवेगळ्या खोल्यांत बसून. सरांनी घरी येऊन प्रबंधातलं ते देखणं प्रकरण काढून टाकलं. बाकीच्या प्रकरणांचा पाया तेच होतं, त्यामुळे प्रबंध तिथेच संपला. त्याच्याबद्दल ते परत काही बोलले नाहीत. फळ्यावरचं पत्रकही कधीतरी निघालेलं दिसलं.

पुढच्या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. वेंगुर्ल्याला जायची बांधाबांध चालली होती, मी मदतीला गेले होते. कॉलेजच्या फाटकाशेजारीच त्यांचं क्वार्टर. वहिनी कपबशा कागदात गुंडाळत होत्या, आणि कागद कुठले, तर "समान चुकांची कसोटी". "एवढं चांगलं टाइप केलेलं," वहिनी म्हणाल्या, "निदान बशा तरी फुटणार नाहीत." सर खुर्चीत बसून हसत होते. तेवढ्यात रस्त्यावरूनच हाक ऐकू आली. भटू. हातात पेढ्यांचा पुडा.

"सगळे पास, काकू! सातच्या सात! सोमवारपासून मी स्टोअरला!"

वहिनींनी त्याच्या तोंडात पहिला पेढा कोंबला. माझ्या डोळ्यांना धार लागली. सर उठले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मास्तरकी काही जाईना, विचारलंच, "प्रश्न कोणता आला होता रे?"

"तोच आला होता सर. मुद्दाम टाकला असंन."

"काय लिहिलंस?"

"पहिलं संत्रं सगळ्यात गोड. दुसरं त्याच्याहून कमी."

"आणि भाकरी?"

भटूने मान खाली घातली. "भाकर नई लिहिली."

"पटलं का तुला ते संत्र्याचं?"

"पटलं तर नई सर. पन पुस्तकात तसंच आहे ना."

"सगळ्यांनी तेच लिहिलं?"

"सगळ्यांनी. शब्दाला शब्द."

सर चष्मा पुसायला लागले. "बरं का भटू," ते म्हणाले, "आत्ता केलीत तुम्ही कॉपी."

आम्ही सगळे हसलो. भटूही हसला. सर मात्र हसत नव्हते. त्यांनी चष्मा चढवला, त्याच्याकडे बघितलं आणि हळू आवाजात तो जुना प्रश्न विचारला, "का?"

भटूने चांगला कान पुढे केला. "काय म्हनले सर?"

"का केलीस?"

भटूचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "नड होती, सर."

सरांनी चपला शोधल्या, पायांत सरकवल्या. "चल."

"अहो, टेम्पो येईल एवढ्यात!" वहिनी म्हणाल्या.

"येऊ दे. पकडला गेलाय तो. रिवाज आहे आपला."

मी गॅलरीतून बघत होते. दोघे फाटकाकडे चालले होते. सर त्याच्या डाव्या बाजूला होते, काहीतरी बोलत होते, आणि भटू नुसताच मान हलवत होता. मग सरांच्या लक्षात आलं असावं. ते थांबले, त्याच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला आले आणि तेच परत सांगायला लागले. लारीशी पोचल्यावर त्यांनी हात वर केला. भटूलाही ऐकू जावं म्हणून असेल, इतक्या मोठ्याने ओरडले की मला गॅलरीत ऐकू आलं.

"खमण दे रे! याला दोन प्लेट. पहिली त्याला कळत नाही."